पहिला तंबोरा घेताना

तंबोऱ्याच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी आपली पट्टी, म्हणजे गाताना धरायच्या आपल्या सा-ची उंची, पक्की झालेली हवी. माझी होत नव्हती तोवर आमच्या गाण्याच्या बाईंनी, तंबोरे बनतात त्या मिरजेचं नावही काढू दिलं नाही. "सकाळचा आवाज वेगळा, संध्याकाळचा वेगळा. दोन्ही वेळेला खालचा पंचम आणि वरचा मध्यम न ओढता लागेल, ती तुझी पट्टी," असं त्यांचं सांगणं. मोबाइलच्या तंबोऱ्यावर बोट फिरवलं की पट्टी बदलते. लाकडाच्या तंबोऱ्याला ते चालत नाही. बायकांचा तंबोरा लहान आणि त्याच्या तारा बारीक. पुरुषी तंबोरा पाच फुटांच्या आसपास, भोपळाही ऐसपैस. काळी एकसाठी, म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या सुरासाठी, बांधलेला तंबोरा काळी चारपर्यंत चढवायला गेलात तर तारा तुटतात, उलट केलंत तर त्या ढिल्या पडून लोळतात. एखाद्‌दुसरा स्वर इकडेतिकडे चालतो, एवढंच. माझी गाडी शेवटी काळी चारवर थांबली आणि बाई म्हणाल्या, "आता जा."

घरातून सूचना आली की फ्लॅटमध्ये एवढं धूड ठेवणार कुठे, बॉक्स तंबोरा घे. भोपळ्याऐवजी चपटी पेटी असलेला हा प्रकार प्रवासाला खरंच सोयीचा. मी एका मैत्रिणीचा वाजवून पाहिला. वाईट नव्हता, पण त्यातला खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या तारेचा सा, मला तोकडा वाटला. शिवाय पलंग थोडा सरकवला की कोपरा मोकळा होत होता.

ऑनलाइन मागवायचा विचार मी केलाच नाही. साताऱ्याहून मिरज काही लांब नाही, आणि जिथे बनतो तिथे जाऊन ऐकून घेता येत असताना फोटो बघून तंबोरा का घ्यावा? मिरजेच्या सतारमेकरांचं मूळ एकोणिसाव्या शतकात जातं. फरीदसाहेब हे आद्य कारागीर मानले जातात. त्यांचं घराणं मुळात शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणारं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात, जिथे अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, तिथे आधी जाऊन आले. मग गल्लीत शिरले.

दुकानात शिरताच नजर गेली ती नक्षीच्या तंबोऱ्यावर. गळ्याभोवती पानं, दांडीवर वेलबुट्टी, खुंट्यासुद्धा कोरलेल्या. दुकानाच्या मालकांनी, चाचांनी, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, नक्षीचे पैसे वेगळे, आवाजाचे वेगळे. तुम्हाला कशाचे द्यायचेत?" मी म्हटलं, आवाजाचे. मग त्यांनी तो बाजूला ठेवला आणि आतल्या खोलीतून तीन साधे काढून आणले, तिघेही बायकी मापाचे. विकणाऱ्याने महागडी वस्तू स्वतःहून मागे सारली, हे मला फार आवडलं. बाकीचं सगळं मी त्यांनाच विचारत गेले.

आधी भोपळा. हा खायचा नव्हे, कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो आणि महिनोन्‌महिने वाळवून मग वापरतात. त्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचं. आवाज सगळीकडे सारखा भरीव यायला हवा. एखाद्या ठिकाणी फुटका आला तर तिथे चीर असते किंवा ठिगळ. मग तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी झाकण-पाटी. तिला किंचित फुगवटा असावा. घोडीखाली, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या ठोकळ्याखाली, ती दबलेली दिसली तर तो तंबोरा परत ठेवायचा, किंमत कितीही उतरवून मिळो. दांडी तुणीच्या लाकडाची. एक डोळा मिटून खालून वर पाहिली की वाक कळतो. खुंट्या स्वतः फिरवून बघायच्या. थोड्या घसरत असतील तर खडू लावून भागतं, पण भोकच सैल असेल तर खडू काही करत नाही.

हे सगळं डोळ्यांनी आणि बोटांनी कळणारं. खरा वेळ लागला तो घोडीपाशी.

घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, अगदी हलका उताराचा असतो, आणि तार त्याला हळूहळू टेकत-सुटत झणकारते. तारेखाली सुताचा धागा सारून तो नेमक्या जागी आला की आवाज उमलतो. चाचांनी तिन्ही तंबोऱ्यांची सुतं काढून तारा नुसत्या छेडून दाखवल्या, मग धागा घालून. फरक दिव्याचं बटण दाबल्यासारखा. त्यांचा सल्ला असा की चारही तारा एकत्र छेडल्या की गोडच वाटतात, म्हणून एकेक तार वेगळी ऐका. पहिल्या तंबोऱ्यात जोडीच्या, म्हणजे एकाच सा-वर लावलेल्या मधल्या दोन तारांचा झणकार एकमेकींशी जुळत नव्हता. दुसरा सुरेख होता, पण पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवली की गप्प व्हायची. पंचम वर्ज्य असलेल्या मालकंसासारख्या रागात ती तार मध्यमावर लावावी लागते, तेव्हा हे तपासायलाच हवं. बाईंनी आठवण करून दिली होती म्हणून मला सुचलं.

तिसऱ्याच्या खर्जातून गंधार स्वच्छ ऐकू आला. चार तारांपैकी एकही गंधारावर लावलेली नसते, तरी तो येतो. घरी आल्यावर लेकीने मोबाइलवर आलेखच काढून दाखवला: काळी चारचा खर्ज साधारण 104 हर्ट्‌झ आणि त्याच्या पाचपट, 520च्या आसपास, एक ठळक सुळका. तोच तार सप्तकातला गंधार. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये तंबोरा-वीणेच्या घोडीवर लेख लिहिला होता, हेही तिनेच सांगितलं. तार ज्या बिंदूवर छेडली तर एखादा उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतला वरचा स्वर, उमटू नये असा नियम आहे, तिथे छेडूनही या घोडीमुळे तो उमटतो, हे त्यांनी दाखवलं होतं. मला यातलं अर्धंच कळलं, पण गंधार मात्र दुकानातच कळला होता.

घोडी शिसवीची घ्यायची की हाडाची, यावर चाचा आणि त्यांचा मुलगा यांच्यातच जुंपली. हाडाची झणझणीत आणि टिकाऊ, लाकडाची गोल पण लवकर झिजणारी. मी शिसवीची ठेवली. जवारी, म्हणजे घोडीचा तो हलका उतार, पुन्हा काढायला मिरज हाकेच्या अंतरावर असताना झिजेची काळजी मी का करू? दूर राहणाऱ्यांनी मात्र हाडाचीच घ्यावी असं मला वाटतं. जवारीला कानस लावणारा हात जवळपास नसेल तर उत्तम तंबोराही दोन-तीन वर्षांत बोदा होतो.

किंमत माझ्या पंचवीस हजारांच्या हिशेबात बसली, गवसणी धरून. आणताना तारा ढिल्या करून दिराच्या गाडीत मागच्या सीटवर आडवा निजवला.

साताऱ्यात पाऊस सुरू झाल्यावर तंबोरा रोज उतरू लागला. आता आधी खुंटीने मोठा फरक काढते आणि मग तारेत ओवलेल्या मण्याने बारीक. पहिल्या तारेला मधलं बोट, उरलेल्या तिघींना तर्जनी, ही सवय बसली, पण वेग सारखा ठेवणं अजून जमायचंय. जवारी पावसाळा संपल्यावर बघू, ओलाव्यात कानस लावायची नाही असं चाचांनी बजावलंय. सध्या बाईंनी मालकंस सुरू केलाय, त्यामुळे पहिली तार मध्यमावरच असते.