तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो कशात एडिट करता?

सोसायटीच्या गणपतीत आरती संपली की प्रसादाबरोबर हा प्रश्न हमखास हातात पडतो. "काका, फोटो कशात एडिट करता?" विचारणाऱ्याला एकच नाव हवं असतं, मोदकाची पिठी कुठल्या दुकानातली, असं विचारल्यासारखं. मी उलटं विचारतो, "रॉ काढतोस का?"

हे उगाच फाटे फोडणं नाही. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल, जेपेग म्हणजे त्यानेच शिजवून, दाबून हातात दिलेला तयार फोटो. जेपेगमध्ये लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या छटांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. हा फरक मला शिवडीच्या जेट्टीवर कळला. फेब्रुवारीतली सकाळ, भरती चढतेय, फ्लेमिंगो चिखलावरून सरकत सरकत काठाकडे येतायत, पण मधे मुंबईची धुरकट हवा. पंखांचा गुलाबी रंग पार फिका. जेपेगमध्ये तो खेचून काढायला गेलो, तर मागच्या आकाशात पट्टे उठले, साडीची घडी पडावी तसे. रॉमध्ये तो रंग हळूहळू, न कुरकुरता वर आला.

फक्त जेपेग काढत असाल तर फोनवरचं स्नॅपसीड पुरे. गूगलचं आहे, फुकट आहे, आणि बसायला जागा मिळाली तर दादर ते बोरिवली दोन फोटो होतात. संपला विषय.

रॉवाल्यांना पहिल्यांदा एक आठवण करून देतो: कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आपापल्या कॅमेऱ्यांसाठी फुकट मिळतं. दिसायला सरकारी फॉर्मसारखं, पण रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसले तसेच येतात. लोक ते उतरवूनही न घेता थेट अडोबीच्या लाइटरूमच्या वर्गणीचा हिशोब मांडतात. लाइटरूम २००७ पासून आहे आणि उत्तमच आहे, पण एकदाच पैसे भरून घ्यायची सोय आता उरलेली नाही. डार्कटेबल हे रॉ उघडणारं दुसरं सॉफ्टवेअर फुकट, त्याचं कामही खोल. पण मॉड्यूलांची, म्हणजे एकेका कामाच्या खणांची, एवढी गर्दी, की पहिला महिना विरार फास्टमध्ये अंधेरीला चढल्यासारखा जातो. रॉथेरपीही फुकट आहे. ते मी नीट वापरलेलं नाही, म्हणून गप्प बसतो.

आता खरं म्हणजे मला जे सांगायचंय ते. रंग-उजेड कमीजास्त करायचे स्लायडर सगळीकडे जवळपास तेच असतात. आधी बघायचं, ते सॉफ्टवेअर सोडून जाताना आपलं काय बरोबर येईल.

मी बरीच वर्षं एका अल्बम-प्रोग्रॅममध्ये फोटो लावत होतो. कोण कुठल्या फोटोत, कुठला चांगला, सगळी नोंद. पुढे कंपनीने तो बंद केला, नव्या लॅपटॉपवर तो चालेना. फोटो फोल्डरमध्ये शाबूत होते, नोंदी मात्र त्याच्या पोटातच राहिल्या. आणि नेमकं आईचं सहस्रचंद्रदर्शन आलं. हॉलमध्ये तिच्या फोटोंचा फलक लावायचा होता. नोंदी असत्या तर एका क्लिकचं काम, पण मी आणि बायको तीन रात्री वर्षवार फोल्डर उघडत बसलो. "हा आत्यांच्या घरचा की काकूंच्या?" यावर अर्धा तास. (काकूंच्याच घरचा होता. फोटोतल्या खोलीच्या पडद्यावरून ओळखला.)

तेव्हापासून माझी अट एकच: नावं, तारे (फोटो किती चांगला त्याची खूण), कीवर्ड (शोधायचे शब्द) फोटोशेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या नोंद-फाइलमध्ये लिहिले गेले पाहिजेत. डार्कटेबल ती फाइल आपणहून ठेवतं. लाइटरूम क्लासिकमध्ये कॅटलॉग सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागते, ती बहुतेकांनी केलेली नसते. यात एक मेख आहे. कीवर्ड दुसरीकडे वाचता येतात, पण केलेली रंगसफेदी तशीच्या तशी उचलून नेता येत नाही. म्हणून आवडत्या फोटोंची पूर्ण आकाराची जेपेगही काढून ठेवतो, दोन हार्डडिस्कवर. पावसाळ्यात लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून सिलिका जेल ठेवतो, तसंच हे.

मी स्वतः डार्कटेबल वापरतो. तुम्ही तेच घ्या असं नाही. रविवारी पेनड्राइव्हवर तुमच्याच दहा रॉ फाइल घेऊन या, दोन-तीन ठिकाणी उघडून बघू. फक्त आदल्या दिवशी फोन करा. भरती सकाळची असेल तर मी शिवडीला असेन.