वजन उतरण्याचा वेग मंदावतो तेव्हा

वजन कमी करायला घेतल्यावर पहिले काही आठवडे बहुतेकांना सुखाचे जातात. काटा भराभर खाली येतो, पट्टा एक भोक आत सरकतो, ऑफिसातले सहकारी आपण होऊन विचारू लागतात. पुढे चौथ्या-पाचव्या महिन्यात केव्हा तरी आहार तोच आणि चालणे तेवढेच असूनही काटा जागचा हलेनासा होतो. माझ्या ओळखीतल्या ज्या लोकांनी हा प्रयत्न सोडला, त्यांनी सुरुवातीची भूक निभावली होती. हात टेकले ते या थांबलेल्या काळात. मी स्वतः वर्षभराहून अधिक काळ या वाटेवर आहे आणि आता माझे असे ठाम मत झाले आहे की, शरीरात या टप्प्यावर काय चालते हे नीट समजून घेतल्याशिवाय धीर धरणे फार कठीण आहे.

सुरुवातीच्या घसरणीपासूनच बघू. आपले यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे लगेच वापरता येणारी साखर, साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते. भात, पाव आणि साखर कमी झाली की हा साठा आधी वापरला जातो आणि त्याच्या सोबतचे पाणीही निघून जाते. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात तीन किलो उतरले असतील, तर त्यांतला निम्मा किंवा त्याहून अधिक भाग या साठ्याचा आणि पाण्याचा असू शकतो. चरबीचा हिशेब सावकाश चालतो. एक किलो चरबी जायला साधारण ७,७०० किलोकॅलरींची तूट पडावी लागते. रोज ५०० किलोकॅलरींची तूट सांभाळणाऱ्यालाही आठवड्याला अर्ध्या किलोहून थोडी कमीच चरबी घालवता येते. त्यामुळे पहिल्या महिन्यात इतके उतरले, तर सहा महिन्यांत किती उतरेल, हे त्रैराशिक मांडू नये. ते प्रत्येकाच्या बाबतीत चुकते आणि चुकल्यावर दोष मात्र स्वतःच्या निग्रहाला दिला जातो.

पुढचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शरीर जसे हलके होते तसा त्याचा खर्चही घटतो. दादर स्थानकाचा पूल चढताना ८२ किलोंच्या माणसाला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी त्याच माणसाला ७४ किलोंचा झाल्यावर लागत नाही. झोपेत श्वास घेतानाही लागत नाही. म्हणून सुरुवातीला जो आहार तुटीचा होता, तोच काही महिन्यांनी नव्या शरीराच्या गरजेइतका होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचा हिशेब मांडला. वजन जास्त असलेल्या सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीने रोजच्या आहारात कायमची जेवढी कपात केली, तिच्या दर २४ किलोकॅलरींमागे अखेरीस साधारण एक किलो वजन उतरते; मात्र त्यांतला निम्मा भाग उतरायला सुमारे एक वर्ष लागते आणि ९५ टक्के भाग उतरायला सुमारे तीन वर्षे. रोज २४० किलोकॅलरी कमी केल्या, म्हणजे एका वडापावाच्या आसपास ऊर्जा सोडली, असे धरू. ७,७०० किलोकॅलरींमागे एक किलो या जुन्या सरळ हिशेबाने तीन वर्षांत ३४ किलो जायला हवेत. हॉल यांच्या हिशेबाने सुमारे साडेनऊ जातील, पाच पहिल्या वर्षात आणि उरलेले पुढच्या दोन वर्षांत, अधिकाधिक सावकाश. माझी या विषयाकडे पाहण्याची दृष्टी या आकड्यांनी बदलली. मी ज्याला थांबणे म्हणत होते तो एका लांब उताराचा शेवटचा, सौम्य भाग होता.

या घटीशिवाय शरीर आपली काटकसरही करते. पगार कमी झाला की घरातले लोक ठरवून मोठा खर्च थांबवतात, पण त्याआधीच न ठरवता शंभर छोटे खर्च आपोआप बंद झालेले असतात. शरीराचेही तसेच होते. अमेरिकेतील संशोधक रूडॉल्फ लायबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, वजन दहा टक्के उतरल्यावर शरीराचा खर्च नुसत्या घटलेल्या आकारावरून अपेक्षित असतो त्याहूनही कमी होतो. यातला काही भाग आपल्या नकळत कमी झालेल्या हालचालींचा असतो. स्थानकावरून घरी चालत येणारा माणूस शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहू लागतो, लोकलमध्ये उभे राहण्याऐवजी चौथ्या सीटवर टेकण्याची वाट बघतो, दुसऱ्या मजल्यासाठी लिफ्ट बोलावतो. यांत आळस नसतो. कमी खाणारे शरीर हे सगळे स्वतःच करवून घेते, आणि म्हणूनच मंदावलेल्या काळात ताटातली पोळी मोजण्याआधी दिवसभराची पावले मोजून पाहावीत, असे मला वाटते. माझ्या बाबतीत संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीच्या फेऱ्या ठरल्याप्रमाणे होत होत्या. घटले होते ते उरलेल्या दिवसातले चालणे.

भुकेबद्दलही थोडे सांगायला हवे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तातील भुकेशी संबंधित संप्रेरके वर्षभरानंतर तपासली गेली. भूक वाढवणारे घ्रेलिन तेव्हाही पूर्वीपेक्षा जास्त होते, पोट भरल्याचा आणि साठा पुरेसा असल्याचा निरोप देणारे लेप्टिन कमी होते, आणि त्या लोकांना भूकही जास्त लागत होती. तेव्हा सहाव्या महिन्यात रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात पाय वळत असतील, तर मनाला दूषणे देण्यात अर्थ नाही. त्या वेळी ताक, भाजलेले चणे किंवा उरलेली उसळ हाताशी असणे, हे निर्धारापेक्षा जास्त कामाला येते.

अशा काळात सल्ले फार मिळतात. माझ्या मावशी अतिशय मायेने म्हणाल्या, “अगं, रात्रीचं जेवणच सोडून दे, आठ दिवसांत फरक दिसेल.” मी त्यांना एवढेच म्हटले, “मावशी, फरक दिसेल हो, पण तो टिकणार नाही.” आहार आणखी कापणे हा सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत घातक उपाय आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसारही वजन उतरवण्याचा आहार दिवसाला १,००० किलोकॅलरींच्या खाली नेऊ नये आणि आठवड्याला अर्धा किलो ही सुरक्षित गती मानावी. त्याहून कमी खाल्ले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. एरवीसुद्धा उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा असतो. उपासमारीत आणि व्यायामाविना तो वाढतो. स्नायू गेले की शरीराचा खर्च आणखी घटतो आणि ज्या अडचणीतून बाहेर पडायचे तीच मोठी होते.

म्हणून मंदावलेल्या काळात आपल्या घरातल्या ताटाकडे मी प्रथिनांच्या नजरेने पाहू लागले. मराठी स्वयंपाकात त्यांची सोय आहे, पण ताटात त्यांना जागा थोडी मिळते: दोन चमचे उसळ आणि चार पोळ्या, वाटीच्या तळाशी पातळ वरण आणि वर भाताचा डोंगर. हेच प्रमाण उलटवले, मटकी किंवा मूग वाटीभर, पोळ्या दोन, कधी पिठले, कधी दोन अंडी, मासे खाणाऱ्यांनी बांगडा तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात भाजून, तर पोटही भरते आणि स्नायूंना आधारही मिळतो. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याच्या व्यायामाची जोड हवी. नुसते चालणे चांगलेच आहे, परंतु स्नायू टिकवायला ते अपुरे पडते, ही गोष्ट विशेषतः चाळिशीपुढच्या बायकांना कोणी नीट सांगत नाही.

आता काट्याविषयी. लहानपणी रेल्वे फलाटावरच्या रंगीत दिव्यांच्या यंत्रात नाणे टाकले की तिकिटाच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य छापून येई. आजही आपण सकाळचा आकडा दिवसाच्या भविष्यासारखा वाचतो आणि तेच टाळायला हवे. आदल्या रात्रीचे पापड-लोणचे, पाळीच्या आधीचे दिवस, नव्या व्यायामाने दुखणारे स्नायू, साधे बद्धकोष्ठ, यांपैकी कशानेही वजन एक-दोन किलो वरखाली होते, आणि महिनाभरात उतरलेली चरबी एवढ्याशा पाण्यामागे सहज झाकली जाते. म्हणून मी आठवड्याची सरासरी काढते आणि तिची तुलना चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी करते. दोन सोमवारांची तुलना करत नाही.

त्याहून महत्त्वाचा आकडा कमरेचा आहे, आपल्या लोकांसाठी तर नक्कीच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली होती. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्या बांध्यात चरबी लपून राहते, मुख्यतः पोटात. म्हणून भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरली जाते. काटा थांबलेला असताना कंबर दोन सेंटिमीटरनी कमी झाली असेल, तर काम चालूच आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासाची मला या संदर्भात नेहमी आठवण होते. त्यात आहार आणि हालचाल सुधारलेल्या लोकांचे सरासरी वजन फारसे उतरले नाही, तरीही मधुमेह होण्याचा त्यांचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. ज्या आजाराच्या भीतीने आपल्यातले बहुतेक जण या वाटेला लागतात, त्या आजाराविरुद्ध इतके मिळत असेल, तर स्थिर काट्याला अपयश म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मुंबईच्या वर्षाचाही विचार करावा लागतो. श्रावणापासून दिवाळीपर्यंत साबुदाण्याची खिचडी, मोदक, घरोघरचे आमंत्रण आणि फराळ यांची रांग लागते, आणि पावसात चालणेही खंडते. त्या महिन्यांत वजन उतरवण्याचे ध्येय मी ठेवत नाही. आहे तेवढे राखण्याचे ठेवते. उकडीचे दोन मोदक साजूक तूप घालून बसून खाते, पाऊस असेल त्या दिवशी इमारतीचे जिने चढते, आणि नोव्हेंबरात सरासरी तेवढीच असली तर ते वर्षातले चांगले महिने मानते. वजन राखण्याची कला वेगळी शिकावी लागते. पुढे आयुष्यभर तीच करायची असल्यामुळे तिचा सराव अशा थांबलेल्या काळात झालेला बरा.

चार आठवड्यांची सरासरी आणि कंबर दोन्ही हलली नाहीत, तर मी क्रमाने काही गोष्टी तपासते: चमच्याने मोजायचे तेल पुन्हा अंदाजाने पडू लागले आहे का, चहाचे कप वाढले आहेत का, झोप सहा तासांखाली गेली आहे का, पावले घटली आहेत का. हे सगळे जागेवर असूनही दोन-तीन महिने काहीच बदल नसेल, किंवा थकवा, केस गळणे, थंडी वाजणे, पाळी बिघडणे अशी लक्षणे असतील, तर डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइडची तपासणी करून घ्यावी आणि चालू असलेली सर्व औषधे त्यांना दाखवावीत. स्टिरॉइड, इन्सुलिन आणि नैराश्यावरची काही औषधे वजनावर परिणाम करतात. औषध स्वतःहून मात्र बंद करू नये. भेटीला जाताना आपल्या सरासऱ्यांची वही बरोबर न्यावी, म्हणजे “काहीच होत नाही हो” या एका वाक्यापेक्षा डॉक्टरांच्या हाती बरेच काही लागते.