गॅस एजन्सीशी रात्री अकराला दीड तास

कॅनडाच्या नियमात कॉमन-लॉ पार्टनर, म्हणजे लग्नाशिवाय संसार करणारा जोडीदार, ठरायला सलग 12 महिने एका घरात संसार केलेला असावा लागतो. आपल्याकडचा भाडेकरार असतो 11 महिन्यांचा. मला तिकडे नेण्याच्या अर्जात आमचं घोडं त्या एका महिन्यावर अडलं.

माझा जोडीदार मूळचा नाशिकचाच, पण कॅनडाचा नागरिक. वडिलांच्या आजारपणात परत आला, आणि आम्ही इंदिरानगरला भाड्याने राहू लागलो. पहिला करार दोघांच्या नावावर. दुसऱ्या वेळी घरमालक म्हणाले, "एकाचंच नाव टाका, पुरे." आम्हीही मुकाट टाकलं. पुरावा नसलेलाच बरा, अशी तेव्हा सवय होती. फोटो डिलीट करायचे. फोनमध्ये त्याचं नाव 'गॅस एजन्सी'.

लग्न करायचं तर कुठे? 2018 साली सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, पण 17 ऑक्टोबर 2023 ला लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. कॅनडात 2005 पासून असं लग्न कायदेशीर आहे. मात्र स्पॉन्सरशिपसाठी, म्हणजे त्याने मला जोडीदार म्हणून तिकडे बोलावण्यासाठी, ऑनलाइन लग्न चालत नाही, दोघं समोर हजर हवेत. मला व्हिजिटर व्हिसा मिळेलच याचा भरवसा नव्हता. म्हणून कॉमन-लॉ.

मग करारात नाव नसलेला माणूस त्याच घरात राहत होता हे दाखवायला बसलो. त्याच्या नावाचं ब्रॉडबँडचं बिल, कुरिअरच्या पावत्या, बँकेची पत्रं. मध्ये तो सहा आठवडे टोरंटोला गेला होता, त्या काळातल्या कॉलचे स्क्रीनशॉट काढले तर सगळीकडे 'गॅस एजन्सी', रात्री अकरा, दीड तास. त्याचा खुलासा वेगळ्या पत्रात करावा लागला. पहिल्या ओळीला हसलो, दुसरी लिहायला संध्याकाळ गेली.

एकत्र राहण्याचं प्रतिज्ञापत्र करायला सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाबाहेर गेलो. नोटरींनी विचारलं, "पार्टनर? धंदा कसला?"

तो म्हणाला, "संसाराचा."

त्यांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं, शिक्का मारला, पैसे नेहमीचेच घेतले.

पोलीस क्लिअरन्स, मुंबईला जाऊन मेडिकल, हे सरळ पार पडलं. पुढची तीन वर्षं माझा खर्च उचलण्याची हमी त्याने लिहून दिली. (भाजी अजून मीच आणतो.)

पंचवटीतल्या मावशीने मराठीत पत्र दिलं: 'हा माझ्या भाच्याचा जोडीदार. दिवाळीला दोघं माझ्याकडेच असतात.' इंग्रजी अनुवादात 'जोडीदार'चा 'मित्र' झाला होता. परत पाठवून दुरुस्त करून घेतला.

मंजुरी आल्याचं सांगायला फोन केला, तर मावशी म्हणाली, "माझं पत्र वाचलं का रे त्यांनी?"