एकाच वाचकासाठी लिहिलेली संहिता

नाटक पुस्तकातून वाचण्याची सवय मराठी वाचकाला नवी नाही. प्रयोग पाहण्याची संधी मिळाली नाही तरी वाचनालयातून नाटकाचे पुस्तक आणून ते एका बैठकीत संपवणारी माणसे माझ्या घरात होती, आणि पात्रांच्या हालचालींचा कंसातला मजकूर वाचता वाचता मनात रंगमंच उभा करायला मी त्यांच्याचकडून शिकलो. त्यामुळे कॉमिक्सच्या मूळ संहितादेखील चाहत्यांसाठी छापल्या जातात हे जेव्हा मला प्रथम कळले, तेव्हा हाही वाचनाचा तसाच आनंद असेल असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो अनुभव फार निराळा निघाला.

नाटकाची संहिता अनेक संस्था आपापल्या परीने उभी करतात, प्रत्येक दिग्दर्शक तिची स्वतःची रंगावृत्ती तयार करतो, आणि लेखकालाही लिहिताना ते ठाऊक असते. कॉमिकची संहिता मात्र बहुधा एकदाच आणि एकाच चित्रकारासाठी लिहिली जाते. चित्रे पूर्ण झाली की तिचे काम संपते. तिला खरा वाचक एकच असतो. म्हणून ती छापली जाते तेव्हा आपण एका माणसाने दुसऱ्याला लिहिलेले पत्र वाचत असतो, आणि ते पत्र आहे हे विसरून वाचले तर त्यातले निम्मे हाती लागत नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण कॉमिक्सचे लेखक ॲलन मूर यांचे आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'वॉचमेन' या बारा अंकी मालिकेच्या पहिल्या अंकाची संहिता १०१ टंकलिखित पानांची होती, असे चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी सांगितले आहे. दोन ओळींत जादा अंतर नाही, एका चौकटीचे वर्णन संपून दुसरीचे सुरू होताना मोकळी जागा नाही, इतकेच काय, कॉमिकचे एक पान संपून दुसरे सुरू होतानाही नाही. हातातून सुटली तर पानांचा क्रम लागणार नाही म्हणून गिबन्स आधी त्यांच्यावर आकडे घालत, आणि मग रंगीत पेनाने संवाद वेगळे आणि चित्राची वर्णने वेगळी करून घेत. एवढे बारकाईने सांगितल्यावर चित्रकाराला मोकळीक ती काय उरली, असे कोणालाही वाटेल. पण त्याच वर्णनांच्या शेवटी अनेकदा, हे तुला जमत नसेल तर तुला योग्य वाटेल तसे कर, अशा आशयाचे वाक्य येते. छापून आलेल्या कॉमिकमध्ये या वाक्याचा मागमूसही नसतो. दोन माणसांमधला हा विश्वास वाचकाला फक्त संहितेतच दिसतो, आणि माझ्या मते संहिता छापण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

याच मूर यांनी एका मुलाखतीत संवादांच्या लांबीचा एक हिशेब सांगितला आहे, जो ते डीसी कॉमिक्सचे जुने संपादक मॉर्ट वाइझिंगर यांच्या नावावर देतात: पानावर सहा चौकटी असतील तर एका चौकटीत जास्तीत जास्त ३५ शब्द, म्हणजे पानाला २१०, आणि पात्राचे बोलणे ज्यात लिहितात त्या एका फुग्यात २५ पेक्षा अधिक नकोत. चित्रकारासाठी पानेच्या पाने लिहिणारा लेखक वाचकासाठी मात्र शब्द मोजून देतो, हे वर्णन आणि संवाद शेजारी शेजारी वाचल्याखेरीज लक्षात येत नाही. मी तो हिशेब माझ्या जुन्या लिखाणाला लावून पाहिला आणि त्यानंतर माझे संवाद निम्म्यावर आले.

त्या काळात मी आठ पानांची एक चित्रकथा लिहीत होतो आणि माझी एक मैत्रीण ती काढणार होती. तिसऱ्या पानावरच्या दुसऱ्या चौकटीसाठी मी लिहिले होते, "आजी दारातून आत येते, चपला काढते आणि घड्याळाकडे पाहते." तिने समासात पेन्सिलीने एवढेच लिहून पाठवले, "यातली कोणती आजी काढू?" चौकट म्हणजे थांबलेला एक क्षण आणि त्यात क्रिया एकच मावते, हे लेखनाच्या मार्गदर्शनात कितीदा तरी वाचले असूनही मला ते त्या प्रश्नाने समजले. शेवटी तिने घड्याळाकडे पाहणारी आजी काढली आणि पायांशी एक चप्पल उलटी पडलेली दाखवली. आधीची दोन्ही वाक्ये त्या उलट्या चपलेत आली. छापलेल्या पानावर हे कोणाला कळणार नाही. संहिता शेजारी ठेवली तरच कळेल.

चाहत्यांसाठी संहिता छापण्याची प्रथा तशी जुनी आहे. 'सँडमॅन' मालिकेच्या १९९१ च्या 'ड्रीम कंट्री' या खंडाच्या शेवटी त्यातल्या 'कॅलिओपी' या कथेची मूळ संहिता जोडलेली होती, आणि २००२ मध्ये नॅट गर्टलर यांनी 'पॅनल वन' नावाचे पुस्तक संपादित केले, ज्यात निरनिराळ्या लेखकांच्या संहिता एकत्र वाचायला मिळतात. चित्रपटाच्या पटकथेला जशी ठरलेली मांडणी असते तशी कॉमिकच्या संहितेला नसते, हे अशा संग्रहात चटकन दिसते. ज्याचा त्याचा चित्रकार वेगळा, म्हणून ज्याची त्याची लिहिण्याची रीतही वेगळी.

तरीही या प्रथेत एक धोका आहे आणि तो मला गंभीर वाटतो. नुसती संहिता छापली की सारे काही लेखकाच्याच डोक्यातून आले आणि चित्रकाराने ते केवळ उतरवून काढले, असा वाचकाचा समज होऊ शकतो. मार्व्हल या कॉमिक्स कंपनीत साठच्या दशकात तर उलटी रीत रूढ होती: लेखक स्टॅन ली कथेचा सांगाडा देत, चित्रकार चौकटी पाडून संपूर्ण कथा काढत, आणि संवाद त्यानंतर लिहिले जात. १९६६ च्या 'फँटॅस्टिक फोर'च्या ४८ व्या अंकात आलेले सिल्व्हर सर्फर हे पात्र मुळात लींच्या कथानकात नव्हते. ते चित्रकार जॅक कर्बी यांनी स्वतःहून काढले होते, हे लींनीच सांगितले आहे. अशा अंकाचे टंकलिखित कागद छापले तर त्या अंकाचा गाभाच बाहेर राहील.

म्हणूनच 'फ्रॉम हेल'चे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. या कादंबरीएवढ्या कॉमिकच्या मूर यांच्या संहितांचे पुस्तक १९९४ मध्येच निघाले होते. पण २०१३ मध्ये चित्रकार एडी कॅम्पबेल यांनी स्वतः 'द फ्रॉम हेल कम्पॅनियन' सिद्ध केले, आणि त्यात संहितेतले निवडक उतारे आणि आपली कच्ची रेखाटने त्यांनी एकत्र मांडली. ज्याला पत्र आले त्यानेच ते उघडून दाखवावे, यापेक्षा उचित रीत मला सुचत नाही. एरवीही संमतीचा प्रश्न असतोच. मोठ्या कंपन्यांसाठी केलेल्या कामाचे हक्क बहुधा कंपनीकडे असतात, त्यामुळे लेखकालाही आपलाच मजकूर छापताना परवानगी लागू शकते. आणि जिथे कायद्याने लागत नाही तिथेही चित्रकाराला विचारावे असे माझे मत आहे.

मी माझ्या मैत्रिणीला विचारले. आमची ती आठ पानांची संहिता या महिन्यात इथे क्रमाने देत आहे, आणि तिची एकच अट आहे की आता मागाहून काहीही सुधारायचे नाही. चौदा फुग्यांतले संवाद २५ शब्दांच्या मर्यादेपलीकडे गेले आहेत, ते तसेच राहतील. डावीकडे माझा मजकूर, उजवीकडे तिची पेन्सिलीतली पाने, आणि तिसऱ्या पानाच्या समासात तिच्या हस्ताक्षरातला आजीबद्दलचा प्रश्न.