मलेरियाच्या वेळापत्रकावर पीएचडी

नेट, मुलाखत, हॉस्टेल की घर हा भाग सगळ्यांचा थोड्याफार फरकाने सारखाच असतो, तो सोडते. नवी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मलेरियाच्या परजीवीवर काम सुरू केलं तेव्हा मला वाटत होतं, रेण्वीय जीवशास्त्र म्हणजे डीएनए, पीसीआर, जेल. निम्मी पीएचडी कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले परजीवी, सांभाळण्यातच जाते, हे आत गेल्यावर कळतं.

प्लाझमोडियम फाल्सिपेरम माणसाच्या तांबड्या पेशीत वाढतो आणि त्याचं एक चक्र साधारण ४८ तासांचं असतं. आधी रिंग, मग ट्रोफोझोइट, मग शायझोंट. शेवटी पेशी फुटते आणि १६ ते ३२ मेरोझोइट बाहेर पडून नव्या पेशी शोधतात. त्यांना गणपती कळत नाहीत आणि रविवारही कळत नाही. मी ठाण्याच्या नौपाड्यातून जायचे. ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक असला की बस बदलत ऐरोलीमार्गे प्रयोगशाळा गाठायची, मीडिया, म्हणजे परजीवींचं पोषक द्रव, बदलायचा, काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून (स्मिअर) तो जिम्सा या रंगाने रंगवायचा, शंभराच्या लेन्सखाली पेशी मोजायच्या आणि परत घरी. एक दिवस टाळला तर परजीवी बेसुमार वाढतात, लॅक्टिक आम्ल साठतं आणि दुसऱ्या दिवशी स्लाइडवर नुसते काळपट ठिपके दिसतात.

तक्रार करायची सोयही नव्हती. १९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी सलग कल्चरची पद्धत दिली, तीही बंद भांड्यात मेणबत्ती पेटवून ऑक्सिजन कमी करत. आमच्याकडे निदान गॅसचा सिलिंडर होता.

शेजारच्या काकूंना पावसाळ्यात मलेरिया झाला तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या जंतूंचा आमच्या तापाला काय उपयोग गं?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्यांचा व्हायव्हॅक्स होता, मलेरियाचा दुसरा परजीवी, जो कोवळ्या तांबड्या पेशीच पसंत करतो आणि म्हणून प्रयोगशाळेत सलग वाढवता येत नाही. वर तो यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो. मी त्यांना एवढंच सांगितलं, की काकू, ताप उतरला तरी डॉक्टरांनी दिलेल्या प्रायमाक्वीनच्या १४ दिवसांच्या गोळ्या पूर्ण करा.

माझं काम परजीवीच्या एका कायनेजवर (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकरावर) होतं: ते जनुक काढून टाकलं तर परजीवी जगतो का? फाल्सिपेरमचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनएचा क्रम, २००२ मध्ये आला. गुणसूत्रं १४, आणि डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि टी ८० टक्क्यांहून जास्त. त्यामुळे पीसीआरला नेहमीचं ७२ अंश सेल्सिअस जास्त होतं आणि ई. कोलाय या जिवाणूत वाढवताना प्लास्मिडचे, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळाचे, तुकडे गळतात. तेही कसंबसं जमलं. मग रिंग अवस्थेतल्या परजीवींना विजेचा झटका देऊन डीएनए आत ढकलायचा, तो डीएनए न मिळालेल्यांना मारणारं डब्ल्यूआर नावाचं औषध लावायचं आणि थांबायचं. आठवडेच्या आठवडे स्लाइड रिकामी.

खरी पंचाईत इथे होती. परजीवी परत आले नाहीत, म्हणजे जनुक अत्यावश्यक होतं, की डीएनए आतच गेला नव्हता? रिकामी स्लाइड दोन्ही वेळी सारखीच दिसते. आरएनएआय, म्हणजे आरएनए वापरून जनुक गप्प करण्याची पद्धत, हीही चालत नाही, ती यंत्रणाच या परजीवीकडे नाही. शेवटी माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "काढू नकोस, शेपटी जोड." जनुकाच्या शेवटी ग्लम-एस रायबोझाइम, म्हणजे स्वतःला कापू शकणारा आरएनएचा तुकडा, बसवला. ग्लुकोसामाइन घातलं की तो स्वतःला कापतो, जनुकाचा आरएनए टिकत नाही आणि प्रथिन कमी बनतं. या वेळी रिंग दिसल्या! म्हणजे त्या जागी हात घालता येत होता, फक्त जनुक काढलेलं परजीवीला परवडत नव्हतं. ग्लुकोसामाइन घातल्यावर शायझोंट तयार होत, पण फुटत नसत.

व्हायव्हात, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी तेवढंच धरलं. ग्लुकोसामाइन जास्त झालं तर ते स्वतःच विषारी ठरतं, मग हा परिणाम जनुकाचा कशावरून? मी न कापणारा, निष्क्रिय रायबोझाइम असलेल्या परजीवींचा आलेख दाखवला. तोच डोस, आणि ते नेहमीसारखे वाढलेले. सरांनी चष्मा वर करून अक्षांवरचे आकडे वाचले आणि पुढच्या प्रकरणावर गेले.