कॅसेटची बी साइड

१९९६ च्या डिसेंबरात आतेभाऊ न्यू जर्सीहून आला. त्याच्या बॅगेत आमच्यासाठी बदाम होते, बाबांसाठी दाढीचं यंत्र होतं आणि स्वतःसाठी दोन सीडी होत्या. दोन्ही वीझर या अमेरिकन रॉक बँडच्या. पहिली आम्हाला ऐकून माहीत होती, म्हणजे केबलवर त्यांचं एक गाणं लागलं की मी आणि खालच्या मजल्यावरचा मित्र जेवण टाकून टीव्हीसमोर जायचो. दुसरी, ‘पिंकर्टन’, नुकतीच सप्टेंबरात आलेली.

आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत सीडी प्लेअर नव्हता, मित्राकडे होता. त्याच्याकडे बसून नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर दोन्ही उतरवून घेतल्या. ए साइडला पहिला अल्बम, ४१ मिनिटं. बी साइडला दुसरा, जेमतेम ३५. शेवटी दहा मिनिटांची टेप कोरी राहिली. कोरी टेप म्हणजे बाबांच्या लेखी उघडा राहिलेला नळ. त्यांनी त्याच रविवारी रेडिओवरून तिथे एक नाट्यपद भरून टाकलं.

ए साइड महिन्याभरात घासून गुळगुळीत झाली. बी साइडचं मात्र काही जमेना. पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं, टेपरेकॉर्डरचं हेड खराब झालंय. गिटार खरखरतायत, आवाज मध्येच फाटतोय, ड्रम शेजारच्या खोलीत वाजल्यासारखे. मी इमानदारीत काडीला कापूस गुंडाळून, कोलन वॉटर लावून हेड पुसलं. परत लावली. तस्संच. तो आवाज त्यांनी मुद्दाम तसा ठेवला होता, हे पुढे कळलं. पहिल्या अल्बमला रिक ओकासेकसारखा मुरलेला निर्माता होता. दुसऱ्याच्या वेळी पोरांनी सगळं स्वतःच केलं.

मित्र म्हणाला, “काय झालं रे ह्यांना?” आतेभाऊ डॉलर मोजून बसलेला, त्यामुळे तो म्हणाला, “ड्रम मस्त आहेत पण.” लग्नात मुलगी कशी आहे विचारल्यावर ‘जेवण छान होतं’ म्हणतात ना, तसं. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “कालचंच लावलंयस ना?” मी ठामपणे सांगितलं, की नाही, हा वेगळा आहे आणि वाईट आहे. दोन्ही अल्बमांकडे एकाच नजरेने बघणारा आमच्या घरात तो एकच माणूस होता.

आणि आई. ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. इंग्रजी गाण्यातला तिला शब्द कळायचा नाही, त्यामुळे ती नुसता आवाज ऐकायची. म्हणाली, “ह्या पोराचं काहीतरी दुखतंय रे.”

आम्ही दोघे हसलो. वर मी तिला रॉक म्हणजे काय, हेही समजावून सांगितलं. त्या वयात आपण काहीही समजावून सांगतो.

बऱ्याच वर्षांनी त्या गायकाबद्दल, रिव्हर्स क्वोमोबद्दल, वाचताना मी थबकलो. त्याचा एक पाय जन्मापासून दुसऱ्यापेक्षा आखूड. पहिला अल्बम गाजल्यावर, १९९५ मध्ये, त्याने पाय लांब करून घेण्याची शस्त्रक्रिया केली. पायाभोवती लोखंडी सांगाडा, त्याचे स्क्रू दररोज स्वतःच्या हाताने थोडे थोडे फिरवायचे. ते घेऊन तो हार्वर्डला शिकायला गेला, काठी टेकत वर्गात जायचा, आणि त्याच सुमारास ही गाणी लिहीत होता. हे आईला सांगितलं तेव्हा तिला कॅसेटही आठवत नव्हती. “बरा झाला ना मग?” एवढंच तिने विचारलं.

आईचे कान आमच्यापेक्षा तयार होते अशातला भाग नाही. तिच्या डोक्यात ए साइड नव्हती, इतकंच. आम्ही दुसरा अल्बम ऐकतच नव्हतो, त्यात पहिला शोधत होतो. निर्वाना या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हाही खरं तर दुसरा अल्बम. पण १९८९ चा ‘ब्लीच’ फार थोड्यांनी ऐकलेला, त्यामुळे १९९१ मध्ये तो बहुतेकांच्या घरी पहिला म्हणूनच आला आणि त्याचे लाड झाले.

ऐकणाऱ्यांची ही खोड आम्ही रंगभवनातही पाहिली. धोबी तलावच्या त्या उघड्या नाट्यगृहात आपल्याच मुंबईची पोरं गिटार घेऊन उभी राहिली आणि माईकवर ‘हे आमचं स्वतःचं गाणं’ म्हणाली, की मागच्या पायऱ्यांवरून ओरडा सुरू. ओळखीचं वाजव! ओरडणाऱ्यांत मीही असायचो. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. संगीत नाटकात मरून पडलेलं पात्र ‘वन्स मोअर’साठी उठून गायचं आणि परत नीट मरायचं, असं ते रंगवून सांगायचे. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

तिकडे अमेरिकेतही आमच्या चाळीहून वेगळं काही चाललं नव्हतं. ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी ‘पिंकर्टन’ला १९९६ मधल्या वाईट अल्बमांत तिसरा नंबर दिला. आणि २००२ मध्ये त्याच मासिकाच्या वाचकांनी त्याला आजवरच्या उत्तम अल्बमांत सोळावा ठरवला. सहा वर्षांत त्या तबकडीवरचा एक सूरही हलला नव्हता. तरी या सहा वर्षांत क्वोमोचं काय झालं असेल, याचा विचार मला अधूनमधून येतो. मधल्या काळात त्याने म्हणे घराच्या भिंती काळ्या रंगवून घेतल्या होत्या. पुढचा अल्बम यायला २००१ उजाडलं, आणि तो पहिल्यासारखा, नीटनेटका होता. आम्हाला हवा होता तस्सा. मी तो दोनदा ऐकला.

मला बी साइड नेमकी कधी आवडायला लागली, सांगता येत नाही. एका पावसाळ्यात ए साइडची टेप गुंडाळली जाऊन तुटली. पेन्सिल घालून, सेलोटेप लावून जोडली तरी मध्ये खड्डा पडायचा. मग आळसाने बी साइडच वाजत राहिली. एवढंच कारण असावं.

परवा चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमध्ये भाचीने एक इअरफोन माझ्या कानात घातला. “मामा, हे ऐक. त्यांचा हाच बेस्ट आहे, पहिला जरा गोड गोड आहे.” पिंकर्टन! मी काही बोललो नाही. मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड. दादर गेलं तसं शेवटचं गाणं आलं, त्यात नुसती साधी गिटार आहे आणि हळू आवाज. ते संपलं. भाची इअरफोन काढून घ्यायला लागली तर मी तिचा हात धरला.

“संपलं रे मामा.”

“थांब,” मी म्हटलं. अजून पेटीचा सूर यायचा होता.