आमची जागा विकणार का?

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका छोट्या शहराच्या कौन्सिलमध्ये मी अलॉटमेंटचं काम बघते. कौन्सिलच्या जमिनीचे तुकडे लोकांना भाजीपाला पिकवायला भाड्याने द्यायचे, त्यांचं पाणी, फाटकं, कुंपणं आणि भांडणं सांभाळायची, असं हे काम. पूर्ण प्लॉट साधारण २५० चौरस मीटरचा, आपल्या मापाने अडीच गुंठे. उन्हाळ्यात प्रत्येक जागेची पाहणी असते. ज्या प्लॉटवर रान माजलंय त्याच्या धारकाला नोटीस द्यायची, कारण प्रतीक्षायादीत माणसं वर्षानुवर्षं ताटकळत असतात.

२०२५च्या ऑगस्टमधली पाहणी नेमकी वाईट आठवड्यात आली. २०२४च्या निवडणुकीनंतरच्या वर्षभरात सरकारने इंग्लंडमधल्या ८ अलॉटमेंटच्या जागा विकायला मंजुरी दिली, अशी बातमी फुटली होती. अशी मंजुरी देणारं गृहनिर्माण आणि स्थानिक संस्थांचं खातं तेव्हा उपपंतप्रधान अँजेला रेनर यांच्याकडे होतं. मजूर पक्षाचे माजी नेते आणि स्वतः प्लॉट कसणारे जेरेमी कॉर्बिन यांनी त्यावर लेख लिहिला आणि गावोगावच्या जागांवर तोच विषय सुरू झाला. मी हातात यादी आणि टेप घेऊन फाटकातून आत शिरले, तर समोर पंधरावीस माणसं उभी. एका आजींनी विचारलं, "मोजणीला आलात का?"

त्या विचारण्यातली भीती मला लगेच कळली. माझं माहेर जुन्नरकडचं. बांधावर सरकारी माणूस टेप घेऊन उभा राहिला की घरात काय होतं, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. यादी पिशवीत टाकली आणि म्हटलं, आधी चहा घेऊ.

चहाच्या पत्र्याच्या खोलीत मग जे तासभर चाललं, ते मला संसदेतल्या चर्चेपेक्षा मोलाचं वाटतं. निवृत्त नर्सबाईंनी फेब्रुवारी २०२३ची आठवण काढली. स्पेन-मोरोक्कोत हवामान बिघडलं आणि इथल्या काही सुपरमार्केटांनी टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरचीवर माणशी तीन नगांची मर्यादा घातली. पुढच्याच महिन्यात खाद्यपदार्थांची महागाई १९ टक्क्यांवर गेली. "तेव्हा माझ्या फ्रीजरमध्ये इथलेच टोमॅटो होते," त्या म्हणाल्या. लॉरी चालवलेले एक गृहस्थ शेतजमिनीवरच्या वारसाकराच्या विरोधात होते. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन लंडनला गेले ते बरोबरच केलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या शेजारणीला मोठ्या जमीनदारांची अजिबात दया येत नव्हती.

आणि मग मागे उभा असलेला एक माणूस म्हणाला, "माझी मुलगी तिशीची झाली. अजून आमच्याच घरात राहते. घरं बांधायलाच नकोत का?"

सगळे गप्प झाले. त्याचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून अलॉटमेंटची बाजू मांडता येत नाही. पण मला जे वाटतं ते मी बोलले. घरासाठी जागा शोधताना पहिली नजर नेमकी ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही त्यांच्या तुकड्यावरच का पडावी? हा देश आपल्या खाण्यापैकी साधारण ६० टक्के स्वतः पिकवतो. भाज्यांत ते प्रमाण निम्म्याच्या आसपास आणि फळांत जेमतेम सहाव्या हिश्श्याच्या आसपास येतं. अडीच गुंठ्यांत गहू आणि दूध होत नाही हे मान्य. पण जिथे कमी आहे ती भाजी आणि फळंच इथे होतात. दुसऱ्या महायुद्धात असे सुमारे १४ लाख प्लॉट होते. लोकांना त्या वेळी बागकामाचा छंद लागला होता म्हणून नव्हे, बाहेरून अन्न आणणाऱ्या बोटी बुडत होत्या म्हणून.

कायदाही हेच मानतो. १९०८च्या कायद्याने लोकांची मागणी असेल तर जमीन देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. १९२२च्या कायद्यात अलॉटमेंटची व्याख्याच अशी आहे की कसणाऱ्याने मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी-फळं पिकवायची. १९२५पासून कायमस्वरूपी जागा केंद्रीय मंत्र्याच्या संमतीशिवाय विकता येत नाही. एवढं सांगितल्यावर खोलीतली हवा जरा मोकळी झाली.

पण खरं सगळं सांगायचं तर पुढचंही सांगणं भाग होतं. आमच्या या जागेचे दोन भाग आहेत. ओढ्याच्या अलीकडचा भाग कायमस्वरूपी. पलीकडची जमीन मुळात दफनभूमीसाठी घेतलेली, तोवर तात्पुरती कसायला दिलेली. ते 'तोवर' चाळीसेक वर्षं चाललंय. कागदावर मात्र ती तात्पुरतीच, आणि तिला १९२५चं संरक्षण नाही. पलीकडच्या बहुतेकांना हे ठाऊकच नव्हतं. विक्रीचा कसलाही प्रस्ताव नव्हता, तेही मी सांगितलं. तरी एका बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "मी गेल्या वर्षी सफरचंदाची झाडं लावली. लावू दिलीत कशी?" परवानगी नियमानुसारच दिलेली होती. पण नियम सांगून त्यांचं समाधान होण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितला नाही.

नंतर पाहणीला निघालो. त्या वर्षी इंग्लंडमध्ये शंभर वर्षांतला सर्वांत कोरडा वसंत ऋतू होऊन गेला होता आणि जुलैत मिडलंड्समध्ये दुष्काळ जाहीर झालेला. माती भेगाळलेली. टाकीतून झाऱ्या भरभरून लोकांनी पीक जगवलं होतं. रनर बीन्सची फुलं शेंग न धरताच गळत होती, कोथिंबीर हातभर व्हायच्या आधी फुलावर आलेली. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या एका गुजराती मावशींचा लाल माठ आणि मेथी मात्र जोरात होती. उन्हाला माठ भीत नाही, असं म्हणत त्यांनी माझ्या पिशवीत जुडी कोंबली.

ज्या प्लॉटसाठी नोटीस छापून आणली होती तो कोपऱ्यातला. पाव भागात बटाटे आणि शेंगा नीट राखलेल्या, बाकी सगळीकडे ब्रॅम्बलची काटेरी जाळी माणसाच्या उंचीची. धारक ऐंशीच्या पुढचे, नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं. खुर्ची टाकून बसले होते. "सत्तर साली घेतलाय हा," ते म्हणाले. "शहात्तरच्या दुष्काळातही राखला. आता तुम्ही पण विकणाऱ्यांतल्याच का?"

मी नोटीस काढलीच नाही. त्यांच्या शेजारी पालथ्या बादलीवर बसून सांगितलं की एखादी जागा विकायला परवानगी मागताना मंत्रालय विचारतं ते हेच: प्रतीक्षायादी किती, रिकामे प्लॉट किती, लोकांना खरंच गरज आहे का. जाळी माजलेला प्रत्येक प्लॉट कागदावर 'गरज नाही' असा वाचला जातो. अर्धा तुम्ही ठेवा, अर्धा यादीतल्या पहिल्या माणसाला द्या. भाडंही निम्मं होईल.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग घासाघीस सुरू झाली. शेड त्यांच्याकडे. टाकीकडची वाट दोघांची. अडलं ते ब्लॅककरंटच्या झुडपांवर, कारण ती बरोबर मधोमध. अखेर त्यांनीच सुतळीचं रीळ मागितलं आणि झुडपं दुसऱ्या अर्ध्यात जातील अशी दोरी धरायला लावली. "मला आता वाकवत नाही," एवढंच म्हणाले.

यादीतली पहिली होती वृद्धांच्या घरी जाऊन सेवा करणारी, दोन मुलांची आई, तिसऱ्या मजल्यावर राहणारी. दर महिन्याला फोन करून आपला नंबर विचारायची. शनिवारी आली तेव्हा तिने आधी टाकी कुठे आहे ते पाहिलं, मग फूडबँकेची, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्राची, पेटी. या जागेवरून दर शनिवारी जास्तीची कुर्जेट (झुकिनी), बीट, पालेभाजी तिथे जाते. ट्रसेल या संस्थेच्या फूडबँकांनी २०२३-२४मध्ये देशभरात ३१ लाखांवर आपत्कालीन पाकिटं वाटली. त्यांत मुख्यतः डबाबंद आणि कोरडं अन्न असतं. हिरवं काही पोचतं ते अशा पेट्यांतून. ती पाकिटं तिने स्वतः घेतलेली होती. तिनेच सांगितलं, काही न लपवता.

ओढ्यापलीकडच्या लोकांनी त्याच आठवड्यात अर्ज केला. १९०८च्या कायद्यानुसार सहा मतदार किंवा करदाते एकत्र येऊन अलॉटमेंटची मागणी करू शकतात आणि कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. त्यांच्या अर्जावर सहापेक्षा बऱ्याच जास्त सह्या होत्या. सफरचंदवाल्या बाईंची पहिली आणि घरं बांधायला नकोत का विचारणाऱ्या माणसाचीही. मागणी एकच: ही जमीन दफनभूमीच्या खात्यातून काढून कायमची अलॉटमेंटच्या खात्यात घाला. मी खाली प्रतीक्षायादीचा आकडा, दोरी टाकून अर्धे केलेले प्लॉट आणि माझी शिफारस जोडून तो समितीकडे पाठवला आहे.